कमांडरची खुर्ची कोणाला?

दर उन्हाळ्यात एखादी तरी बातमी येतेच : ‘अमुक गावच्या लेकीची नासात निवड’. सोबत निळ्या सूटमधला फोटो, मागे गोल गोल कड्यांचं यंत्र. आमच्या घरच्या ग्रुपवर अशी बातमी पडली की दिवसभर नुसता अभिनंदनाचा पाऊस. जरा खोलात गेलं की अनेकदा कळतं, नासाने निवड वगैरे काही केलेली नसते, ते फी भरून जायचं शिबिर असतं. यात त्या पोरीचा काही दोष नाही, आणि शिबिरही टाकाऊ नाही. फक्त फोटो भलत्याच यंत्राचा छापून येतो.

अशा शिबिरांतलं सगळ्यात नावाजलेलं म्हणजे अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या हंट्सव्हिलचा ‘स्पेस कॅम्प’. चंद्रावर माणूस नेणारं सॅटर्न-५ रॉकेट याच गावात आकाराला आलं. १९८२मध्ये तिथल्या रॉकेट संग्रहालयाने मुलांसाठी हे शिबिर सुरू केलं. मूळ कल्पना सॅटर्न-५ घडवणाऱ्या व्हर्नर फॉन ब्राऊन या रॉकेटतज्ज्ञाची. फुटबॉलची शिबिरं भरतात, मग विज्ञानाचं का नको, असं त्याचं म्हणणं. शिबिर सुरू होण्याच्या पाच वर्षं आधीच तो वारला. (याच माणसाचं व्ही-२ रॉकेट हिटलरसाठी बनत होतं तेव्हा कारखान्यात कैद्यांना मरेस्तोवर राबवलं गेलं. शिबिराचं कौतुक करताना हेही आठवलेलं बरं.)

आता ते कड्यांचं यंत्र. एकात एक तीन कड्या, मधे खुर्ची, आणि पट्ट्यांनी बांधलेलं मूल एकाच वेळी तिन्ही दिशांनी कोलांट्या खातं. बघणाऱ्याच्या पोटात ढवळतं, पण बसलेल्याला सहसा उलटी होत नाही. आपल्या कानाच्या आत तीन बारीक अर्धगोल नळ्या असतात, त्यांत द्रव असतो. पाण्याने भरलेली बादली बराच वेळ एकाच दिशेने फिरवून झटकन थांबवा, बादली थांबते पण आतलं पाणी फिरतच राहतं. चक्री खाऊन थांबल्यावर भोवळ येते ती अशीच : डोळे सांगतात ‘थांबलो’, कान सांगतो ‘अजून फिरतोय’. हे यंत्र एका दिशेला दोनेक फेऱ्यांपेक्षा जास्त फिरतच नाही. द्रवाला वेग यायच्या आत दिशा बदलते. शिवाय पोट जवळपास मध्यबिंदूशी राहतं.

या यंत्राचा थोरला भाऊ मात्र खेळणं नव्हता. १९६०मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँडला, नासाच्या केंद्रात, मर्क्युरी या अमेरिकेच्या पहिल्या मानवी अंतराळ मोहिमेच्या अंतराळवीरांना अशाच कड्यांमध्ये, तिन्ही अक्षांवर मिनिटाला तीस फेऱ्यांपर्यंत गरगरवत. त्यांच्या हातात एक दांडा असे. तो हलवला की नायट्रोजनचे झोत सुटत आणि त्यांच्या जोरावर ते फिरणं स्वतःच थांबवायचं. सहा वर्षांनी, मार्च १९६६मध्ये, अंतराळात गेलेल्या जेमिनी-८ यानाचा एक झोत उघडाच अडकला आणि यान सेकंदाला जवळपास एक फेरा मारू लागलं. यानातल्या नील आर्मस्ट्राँगने झोतांची मुख्य यंत्रणा बंद केली आणि परतीसाठी राखून ठेवलेले झोत वापरून यान सावरलं. शिबिरातल्या खुर्चीला तो दांडा नसतो. तिथे मूल प्रवासी असतं, चालक नव्हे. म्हणून म्हटलं, फोटो भलत्याचा छापतात.

त्यामानाने चंद्राची खुर्ची जास्त शिकवते. स्प्रिंगांना टांगलेली ही खुर्ची तुमचा पाच-षष्ठांश भार उचलून धरते. ४८ किलोचं पोर जमिनीवर ८ किलोइतकाच दाब देतं. उडी मारणं सोपं. गंमत थांबताना होते. भार कमी झाला तरी वस्तुमान ४८ किलोच असतं, आणि पायाची जमिनीवरची पकड मात्र सहा पट घटलेली. ब्रेक झिजलेल्या सायकलसारखी गत! वर्गात वजन आणि वस्तुमान यांतला फरक तीनदा लिहून घेतला तरी जो डोक्यात शिरत नाही, तो इथे दोन ढांगांत शिरतो.

आपल्याकडे इस्रोने २०१९पासून नववीच्या मुलांसाठी ‘युविका’ सुरू केलं. दोन आठवडे इस्रोच्या केंद्रात राहायचं, खर्च इस्रोचा. निवडीत आठवीच्या गुणांबरोबर प्रश्नमंजूषा, विज्ञान प्रदर्शन, खेळ, स्काउट-एनसीसी हेही धरतात आणि खेड्यातल्या शाळेत शिकण्याला वेगळे गुण देतात. हे मला फार आवडतं. पुणे जिल्हा परिषदेनेही २०२५मध्ये पुण्यातल्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेच्या मदतीने परीक्षा घेऊन आपल्या शाळांतली मुलं नासा आणि इस्रोच्या भेटीसाठी निवडली. ती बातमी खरीखुरी होती.

पण हंट्सव्हिलची जी गोष्ट आपण उचलावी असं मला वाटतं, तिचा फोटो कधी निघत नाही. ती म्हणजे लुटुपुटूची मोहीम. काही मुलं यानात, काही नियंत्रण कक्षात. सगळ्यांच्या कानाला हेडफोन, समोर कामाची यादी. शिक्षक मधेच बिघाड सोडतात, हवा गळतेय किंवा कोणी आजारी पडलंय. हुशार पोराची इथे खरी पंचाईत होते. कमांडरची खुर्ची सगळ्यांनाच हवी असते, पण ती एकालाच मिळते. वर्गात सगळ्यात आधी हात वर करायची सवय असलेल्याला इथे दुसऱ्याचं बोलणं संपेपर्यंत थांबावं लागतं. आणि ज्याच्या पडद्यावर आकडा दिसतोय त्याचंच ऐकावं लागतं, मग त्याला गणितात पन्नास का असेनात. इटलीची सामंथा क्रिस्तोफोरेत्ती शाळकरी वयात या शिबिरात होती. २०२२मध्ये ती खऱ्या अंतराळस्थानकाची कमांडर झाली. शिबिरामुळे झाली असं नव्हे. लाखो मुलं तिथून गेली, अंतराळात पोचली ती मोजकीच.

नासाच्या खऱ्या नियंत्रण कक्षातही हाच सराव चाले. माणसाला पहिल्यांदा चंद्रावर उतरवणारं अपोलो-११ निघायच्या काही दिवस आधी, सरावात, यानाच्या संगणकाने एक अनोळखी इशारा दिला. संगणकाची जबाबदारी २६ वर्षांच्या स्टीव्ह बेल्सकडे होती. त्याने घाबरून उतरणं रद्द करायला लावलं. सराव संपल्यावर त्याला ऐकवण्यात आलं की रद्द करायची काहीएक गरज नव्हती. मग कक्षाचा प्रमुख जीन क्रान्झ याने सगळ्या इशाऱ्यांचा अभ्यास करायला सांगितलं, आणि २४ वर्षांच्या जॅक गार्मनने कोणत्या इशाऱ्याला काय करायचं याची यादी हाताने लिहून काढली.

२० जुलै १९६९. यान चंद्राकडे उतरतंय आणि संगणक ‘१२०२’ हा इशारा दाखवतो. अर्थ एवढाच : कामं फार झालीत, कमी महत्त्वाची बाजूला टाकतोय. आर्मस्ट्राँग विचारतो, हे काय आहे? मागच्या खोलीत बसलेला गार्मन आपल्या यादीकडे बघतो आणि बेल्सला सांगतो, पुन्हापुन्हा आला नाही तर चालेल. बेल्स क्रान्झला सांगतो, ‘गो’, म्हणजे पुढे चला. तिथून ते माइकवर बसलेल्या चार्ली ड्यूककडे आणि ड्यूककडून यानात जातं. गार्मनचा आवाज चंद्रापर्यंत गेलाच नाही, तिथे ड्यूकचा ऐकू आला.