फाइलवर 'गोपनीय' शेरा आहे? तरीही माहिती अधिकारात अर्ज करा

कागदावर 'गोपनीय' शिक्का दिसला किंवा संगणकातल्या फाइलीला तसा शेरा आहे असं कळलं, की बरेच अर्जदार तिथूनच परत फिरतात. तसं करू नका. माहिती अधिकार अधिनियम, 2005 मध्ये नकाराची कारणं ठरलेली आहेत आणि नुसता शिक्का त्यांत बसत नाही. देशाची सुरक्षा, परराष्ट्र संबंध वगैरे जे कारण लागू असेल, ते जन माहिती अधिकाऱ्याला (कार्यालयात अर्जांना उत्तर देणाऱ्या अधिकाऱ्याला) लेखी द्यावं लागतं. नकार योग्य होता हे अपिलात त्यालाच सिद्ध करावं लागतं.

अर्ज कोणताही भारतीय नागरिक करू शकतो. माहिती कशासाठी हवी, हे सांगायची गरज नाही. महाराष्ट्र शासनाच्या कार्यालयासाठी जोडपत्र 'अ' (अर्जाचा ठरलेला नमुना) भरा आणि 10 रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावा. दारिद्र्यरेषेखालच्यांना शुल्क माफ आहे, पुरावा मात्र जोडावा. अर्ज एकाच विषयाचा आणि 150 शब्दांच्या आत हवा. ऑनलाइनही करता येतो.

खरी मेहनत मजकुरावर घ्या. 'सगळी गोपनीय कागदपत्रं द्या' अशी मोघम मागणी सहज फेटाळली जाते. फाइल क्रमांक, वर्ष, विषय लिहा. संगणकातली नोंदही कायद्याने अभिलेख (रेकॉर्ड) आहे, त्यामुळे ई-ऑफिस म्हणजे शासनाच्या संगणकीय फाइल प्रणालीतल्या टिपण्या स्पष्टपणे मागा. फाइल कोणत्या आदेशाने आणि कोणत्या तारखेला गोपनीय ठरवली, त्या आदेशाची प्रतही मागा. शेवटी हे वाक्य हवंच: 'काही भाग देता येत नसेल, तर कलम 10 प्रमाणे तो वगळून उरलेला द्यावा.' अख्खी फाइल अडवून ठेवण्यावर याच्याइतका चांगला उपाय मला माहीत नाही.

कलम 8(2) सुद्धा लक्षात ठेवा. जनहित मोठं असेल तर 1923 चा शासकीय गुपिते अधिनियम असूनही माहिती देता येते. राफेल लढाऊ विमानांच्या खरेदी प्रकरणातल्या 10 एप्रिल 2019 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने याच कलमाचा आधार घेतला. गुप्तचर विभागासारख्या काही संस्था कलम 24 खाली कायद्याबाहेर आहेत. तिथेही भ्रष्टाचार आणि मानवी हक्कभंगाच्या आरोपांबद्दलची माहिती मागता येते.

उत्तराची मुदत 30 दिवस. नकार आला किंवा उत्तरच आलं नाही, तर पुढच्या 30 दिवसांत प्रथम अपील करा. तिथेही समाधान झालं नाही, तर 90 दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील. राज्यात दोन्ही अपिलांना प्रत्येकी 20 रुपयांचा स्टँप लागतो, आणि मूळ अर्ज, पोच व आलेलं उत्तर यांच्या प्रती जोडाव्या लागतात.