पिशवीबरोबर आणखी काय गेलं?

डिसेंबरातली पहाट होती. तासगावकडं थंडी चांगलीच बोचते. घरातली सगळी गोधडीत गुरफटलेली आणि आत्या एकटीच ओसरीवर बसून पदरानं वारा घेत होती. मानेवर घाम, ब्लाऊज पाठीला चिकटलेला. "अंगातनं वाफा निघत्यात बघ. पिशवी काढल्यापासनं हे असंच," ती म्हणाली. तिचं वय ४३.

मी तिची फाइल उघडली. तीन वर्षांपूर्वी स्तनाचा कॅन्सर, त्यावर टॅमॉक्सिफेनची रोजची गोळी. या गोळीनं गर्भाशयाचं अस्तर काही जणींत जाड होतं, रक्तस्राव होतो. तिचंही तसंच झालं आणि ऑपरेशन करावं लागलं. डिस्चार्ज कार्डावर गर्भाशयासोबत दोन्ही अंडाशयं काढल्याची नोंद होती. हे तिला कुणी समजावून सांगितलंच नव्हतं, किंवा त्या धामधुमीत तिच्या डोक्यात शिरलं नसावं.

आपल्याकडं 'पिशवी काढली' एवढ्यावर सगळं उरकतं, आणि नेमकी महत्त्वाची गोष्ट त्या शब्दात दडून बसते. नुसती पिशवी काढली तर पाळी थांबते, पण अंडाशयं बहुधा आपलं काम करत राहतात. दोन्ही अंडाशयं गेली तर एक-दोन दिवसांतच रक्तातलं इस्ट्रोजेन, म्हणजे बाईपणाचं मुख्य हार्मोन, कोसळतं. नैसर्गिक रजोनिवृत्तीत हेच काही वर्षं हळूहळू चालतं, शरीराला सवय व्हायला वेळ मिळतो. शिवाय बाईच्या शरीरातलं जवळपास निम्मं टेस्टोस्टेरॉन हे हार्मोनही अंडाशयांकडूनच येतं. तेही एकदम घटतं, आणि त्याचा परिणाम कामेच्छेवर होऊ शकतो.

मग वाफा कशामुळं? मेंदूतला हायपोथॅलॅमस शरीराचं तापमान सांभाळतो. तिथल्या काही चेतापेशींना इस्ट्रोजेन आवरून धरतं. ते गेलं की या पेशी न्यूरोकायनिन-बी नावाचं रसायन जास्त सोडतात आणि तापमानाचा सोसण्याचा पट्टा अगदी अरुंद होतो. चुलीची धग किंवा कपभर चहा एवढंही मग मेंदूला जास्त वाटतं. तो कातडीतल्या रक्तवाहिन्या रुंदावतो, घाम फोडतो. म्हणून 'हे सगळे मनाचे खेळ' असं कुणी म्हणालं की मला खरंच राग येतो.

कमी वयात अंडाशयं गेलेल्या बाईला चालत असेल तर साधारण पन्नाशीपर्यंत हार्मोन द्यावेत, असंच डॉक्टरांच्या संघटना सांगतात. निव्वळ भीतीपोटी ते नाकारू नयेत. पण आत्याचा कॅन्सर इस्ट्रोजेनवर पोसणारा होता. तिला तो रस्ता बंद.

बाकीचे रस्ते आहेत. नैराश्यावरची काही औषधं कमी मात्रेत वाफा कमी करतात. त्यातलं पॅरॉक्सेटीन अमेरिकेत २०१३ साली खास याच कामासाठी मंजूर झालं, पण आत्याला ते नको. टॅमॉक्सिफेनला कामाच्या रूपात आणणारं यकृतातलं विकर (एन्झाइम) ते अडवतं. त्याच गटातलं व्हेनलाफॅक्सीन त्या वाटेत फारसं येत नाही. रात्री झोप मोडत असेल तर डॉक्टर गॅबापेंटिनचा विचार करतात, त्यानं गुंगी किंवा चक्कर येऊ शकते. न्यूरोकायनिनचाच मार्ग रोखणारं फेझोलिनेटंट मे २०२३ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. ते घेताना यकृताच्या तपासण्या कराव्या लागतात. संज्ञानात्मक वर्तन उपचार म्हणजे समुपदेशनाची एक शिस्तबद्ध पद्धत. त्यानं वाफांचा जाच कमी होतो, झोप सुधारते. पावडरी, चूर्णं आणि सोयाच्या गोळ्यांचा पुरावा कच्चा आहे, आणि असा कॅन्सर झालेल्या बाईनं त्या कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नयेत.

आत्या उशाशी पाण्याचा तांब्या आणि ओला पंचा ठेवते. त्यानं वाफांची संख्या घटते असं दिसलेलं नाही, पण रात्र सोपी जाते. तेवढंही मोलाचं आहे.

मला खरी काळजी वाटते ती हाडांची, कारण ती बोलत नाहीत. जुनं हाड खाणाऱ्या पेशींना इस्ट्रोजेन लगाम घालतं. तो सुटला की पहिल्या काही वर्षांत हाड भराभर विरळ होतं. रजोनिवृत्तीनंतर दिवसाला १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम हवं, असं आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, सांगते. आपली ज्वारीची भाकरी इथं फार कामाला येत नाही. १०० ग्रॅम ज्वारीत जेमतेम ३० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तेवढ्याच नाचणीत ३५० च्या आसपास. साताऱ्याच्या डोंगरी भागात पिकणारी नाचणी म्हणूनच सांगलीच्या ताटातही यायला हवी. जोडीला दूध, ताक, तिळाची चटणी. ड जीवनसत्त्व तपासून घ्यावं, डेक्सा स्कॅननं हाडांची घनता पाहावी. "दिवसभर शेतात राबते, वेगळा व्यायाम कशाला?" असं आत्यानं विचारलं. राबणं, चालणं हाडांना पोषकच, पण स्नायूंना जोर लावणारे आणि तोल सांभाळणारे व्यायाम वेगळे करावे लागतात. रक्तदाब आणि कोलेस्टेरॉलवरही नजर हवी, कारण लवकर इस्ट्रोजेन गेलं की हृदयविकाराचा धोका वाढतो.

निघताना आत्यानं मला स्वयंपाकघरात ओढलं, दार लोटलं. "अजून एक सांगायचं हुतं. आतनं कोरडं पडतंय, लई दुखतं. ह्यांना काय सांगू?" योनीच्या कोरडेपणासाठी हार्मोन नसलेलं मॉइश्चरायझर आणि पाण्यावर आधारलेली जेल औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळते, हे तिला माहीतच नव्हतं. मी नाव कागदावर लिहून दिलं. तिनं कागदाची घडी घालून बटव्यात ठेवली आणि म्हणाली, "थांब, दुसरा एक कागद लिही. माझ्या जावंलाबी द्यायचाय."