रोमिओचे तारे: एका क्रियापदाची पार्श्वभूमी

रोमिओ-ज्युलिएटचा शेवट सूत्रधार पहिल्या काही ओळींतच फोडून टाकतो: हे दोघे, ज्यांच्या प्रेमाच्या आड तारे आले. मूळ इंग्रजी शब्द 'स्टार-क्रॉस्ड'. मराठीत याचं सरसकट 'दुर्दैवी' होतं आणि तारे गळून पडतात. पत्रिका बघून लग्नं ठरवणाऱ्या आपल्यासारख्यांना खरं तर मूळ शब्द चटकन कळायला हवा. आपल्याकडे ग्रहांची शांत तरी करता येते, एवढाच फरक.

सूत्रधाराचं हे प्रास्ताविक नाटकाच्या १५९७ आणि १५९९ च्या सुट्या छापील प्रतींत आहे. शेक्सपिअरच्या नाटकांच्या १६२३ च्या संग्रहात ते नाही.

खरा घोळ पाचव्या अंकात आहे. ज्युलिएट गेल्याची बातमी हद्दपार रोमिओला मांतुआत कळते आणि तो ताऱ्यांवर उसळतो. १५९७ च्या प्रतीत तो 'माझ्या ताऱ्यांना' आव्हान देतो; तिथे क्रियापद आहे 'डिफाय'. १५९९ च्या प्रतीत तो थेट ताऱ्यांशीच बोलतो आणि क्रियापद येतं 'डिनाय': मी तुम्हांला मानतच नाही. एका अक्षराचा फरक, पण दैवाशी झुंजणारा माणूस वेगळा आणि दैव आहे हेच नाकारणारा वेगळा. पहिली प्रत तोकडी, बऱ्याच अभ्यासकांच्या मते आठवणीतून जुळवलेली. दुसरी लेखकाच्या हस्तलिखिताच्या जवळची मानली जाते. तरीही अठराव्या शतकात एका संपादकाने क्रियापद पहिलीतून उचललं, 'तुम्हांला' दुसरीतून घेतलं आणि दोन्ही जोडून टाकलं. आज बहुतेकांना पाठ असलेली ओळ ती हीच, आणि ती या दोन्हींपैकी एकाही प्रतीत तशी छापलेली नाही! अलीकडच्या काही आवृत्त्यांनी 'डिनाय' परत आणलं, ते बरंच झालं.

कथा मूळची इटलीतली, फ्रेंचमधून इंग्रजीत आलेली. शेक्सपिअरने जे दीर्घकाव्य हाताशी धरलं ते १५६२ चं. त्याची प्रस्तावना प्रेमिकांनाच बोल लावते, आईबापांचं ऐकलं नाही म्हणून. काव्यात मात्र पानोपानी दैवाचं चक्र फिरतं. त्यातले महिने नाटकात चार-पाच दिवसांवर आले आणि दैवाचं काम सोपं झालं. बाप लग्न गुरुवारवरून बुधवारवर ओढतो, म्हणून ज्युलिएट मेल्यासारखी झोप आणणारं औषध एक रात्र आधी घेते. हा बेत रोमिओला कळवणारं पत्र घेऊन निघालेला साधू आजाऱ्यांची शुश्रूषा करणाऱ्या सोबत्याला घ्यायला जातो. त्या घरात प्लेग असल्याच्या संशयावरून तपासनीस दारं बंद करून टाकतात. पत्र वेरोनातच राहतं. नाटक लिहिलं गेलं साधारण १५९५ च्या सुमारास, आणि त्याआधी १५९२ ते १५९४ मध्ये प्लेगमुळे लंडनची नाटकघरं बहुतेक काळ बंदच होती. प्रेक्षकांना हे दार ताऱ्यांनी लावलं असं वाटलं असेल का, मला शंका आहे.

नाटकात थडग्यात रोमिओ मरतो आणि मग ज्युलिएट जागी होते; अवघ्या काही क्षणांच्या या चुकामुकीचाही असाच इतिहास आहे. जुन्या इटालियन कथांत रोमिओचा जीव जाण्याआधी ज्युलिएट जागी होते, दोघं बोलतात. फ्रेंच रूपांतरकाराने ती भेट काढून टाकली आणि इंग्रजीत तेच आलं. १७४८ मध्ये लंडनच्या एका नटाने ती परत घातली. प्रेक्षकांना ती इतकी भावली की जवळजवळ शंभर वर्षं रंगभूमीवरचा रोमिओ ज्युलिएटशी बोलूनच मरत राहिला. १८४५ मध्ये एका अमेरिकन अभिनेत्रीने रोमिओची भूमिका स्वतः करत लंडनमध्ये मूळ शेवट परत आणला.