कुरणशाळेपासून पाणंदीपर्यंत: सीमाभागातल्या मुलांच्या रानवेळेची पार्श्वभूमी

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या गवळीवाड्यावरचं मूल रानातच वाढतं, पण रान त्याच्या वाट्याला येतं ते गुरांमागे आणि जळणाच्या मोळीखाली. निपाणीत विडी वळणाऱ्या घरांतली मुलं पिढ्यान्‌पिढ्या आईच्या सुपाशेजारी बसून विड्यांची तोंडं दुमडत आली. त्यांच्या गल्लीत सावलीचं झाड असेलच असं नाही. पहिल्याला रानात कामाविना वेळ हवा, दुसऱ्याला मुळात रान हवं. 'मुलांना निसर्गात न्या' म्हणताना हा फरक विसरला, की उपक्रमाची सहल होते.

या विचाराचा उगम गरीब मुलांच्या आजारपणात आहे. १९०४ साली बर्लिनलगतच्या शार्लोटेनबुर्गमध्ये अशक्त मुलांसाठी पाइनच्या रानात शाळा भरली. १९१४ साली लंडनच्या डेप्टफर्ड या कामगार वस्तीत रेचेल आणि मार्गारेट मॅकमिलन या बहिणींनी उघड्या हवेतली बालशाळा काढली. दोन्हीकडे बागेइतकाच भर जेवण आणि झोपेवर होता. उपाशी मुलाला झाडं दाखवून काही साधत नाही, हे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं.

मराठीतला धडा मात्र जास्त जवळचा आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं; पुढे ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आदिवासी पाड्यांवरची मुलं शाळेत येईनात, म्हणून शाळाच त्यांच्या अंगणात गेली. ती अंगणवाडी. थोरली मुलं गुरं राखायला जात, म्हणून शिक्षक चराऊ कुरणात गेले आणि गुरं चरत असताना तिथेच शिकवू लागले. ती कुरणशाळा. मुलाचं काम क्षणात थांबवता येत नसेल, तर त्या कामाच्या जागीच त्याला मोकळा वेळ मिळवून द्यायचा, ही यातली खरी कल्पना. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तेव्हा 'अंगणवाडी' हा शब्द देशभर गेला. पोषण आणि लसीकरणाचं मोठं काम त्यातून उभं राहिलं. पण शब्दातलं अंगण बहुतेक ठिकाणी खोलीत शिरलं, आणि कुरणशाळा कुणी उचललीच नाही.

कायद्यांचा प्रवासही असाच अर्धवट झाला. १९८६ च्या बालकामगार कायद्याने विडी बनवण्याच्या कामावर मुलांना ठेवण्यास बंदी घातली, पण कुटुंबाच्या मदतीने घरी चालणारं काम वगळलं. विडी तर घरातच वळली जाते! ही पळवाट २०१६ च्या दुरुस्तीने आवळली. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करण्याचा निर्देश दिला. त्यातून पाठ्यपुस्तकात धडे आले, वर्ग काही बाहेर पडला नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये मात्र कृतीतून, शोधातून शिकणं आणि शक्य तितकं मातृभाषेतून शिकणं, या दोन्ही गोष्टी आहेत. शाळेच्या वेळेत मुलांना बाहेर नेणाऱ्या शिक्षकाने या कलमाचा आधार घ्यावा.

पुरावा कितपत आहे? २००८ साली इंग्लंडमधल्या एका मोठ्या अभ्यासात असं दिसलं, की हिरवाई जास्त असलेल्या भागांत गरीब-श्रीमंतांच्या आरोग्यातली दरी कमी असते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चीनच्या ग्वांगझूमध्ये पहिलीच्या मुलांना शाळेच्या दिवशी रोज ४० मिनिटं जादा बाहेर ठेवलं होतं. तीन वर्षांत तिथे ३०.४ टक्के मुलांना नव्याने दूरचं धूसर दिसण्याचा दोष (मायोपिया) आला. नेहमीच्या शाळांत तो ३९.५ टक्के मुलांना आला. आठवड्याला १२० मिनिटं निसर्गात घालवावीत असा जो आकडा सगळीकडे सांगितला जातो, तो प्रौढांच्या पाहणीतला आहे. मुलांसाठी तो नियम म्हणून सांगू नये.

आपल्याकडे जमेल असं माप म्हणजे दर आठवड्याला ठरलेला एक वार, दीड तास, बारा ते पंधरा मुलं आणि दोन मोठी माणसं. जागा पायी पंधरा-वीस मिनिटांवरची: पाणंद, गावाचा माळ, देवळामागची राई. जागा बदलू नये. पहिले तीन-चार आठवडे मुलं नुसती पळतात, आणि उपक्रम सहसा तिथेच 'वाया गेला' म्हणून बंद पडतो. तेच झाड पुन्हा भेटू लागलं, की मग पाहणं सुरू होतं. सरकारी शाळांत कर्नाटकच्या क्षीरभाग्य योजनेचं १५० मिलिलिटर दूध मिळतं, त्यानंतर निघावं. नावं दोन्ही भाषांत घ्यावीत: ऐन म्हणजे मत्ती, जांभूळ म्हणजे नेरळे, चिंच म्हणजे हुणसे. मराठी शाळेतल्या मुलाला कन्नड इतक्या सहज दुसरीकडे क्वचितच भेटते.

एप्रिल-मे महिन्यांत वळीव दुपारनंतर येतो, म्हणून सकाळचीच वेळ. पावसाळ्यात ओढ्यात उतरायचं नाही. घाटाकडे पाऊस झाला, की खाली ऊन असतानाही पाणी चढतं. जंगलपट्ट्यात खरी काळजी गोचिडीची. गोचीड चावल्याने होणारा माकडताप १९५७ साली शिवमोग्याच्या क्यासनूर रानात ओळखला गेला आणि पुढे खानापूरला लागून असलेल्या गोव्यातल्या सत्तरी व सिंधुदुर्गातल्या दोडामार्गातही आला. जानेवारी ते मे हा त्याचा हंगाम. या काळात पालापाचोळ्यावर बसू नये, परतल्यावर मान, काखा, कंबर तपासावी आणि गोचीड चिमट्याने सरळ ओढून काढावी. चटका देऊ नये. मेलेलं माकड दिसलं, तर तिथूनच मागे फिरून आरोग्य केंद्राला कळवावं.

अथणी-चिकोडीकडे ऊसतोडीच्या टोळ्यांबरोबर आलेली मुलं स्थानिक शाळेच्या पटावर सहसा नसतात. हंगाम संपला की ती जातात. त्यांच्यासाठी कोसबाडचीच रीत चालेल. फडाच्या बांधावर, कोप्यांपासून (टोळीच्या झोपड्यांपासून) हाकेच्या अंतरावर, ट्रॅक्टरच्या वाटेच्या पलीकडे एक झाड निवडायचं. पाण्याची घागर आणि पांघरायला चादर सोबत ठेवायची, कारण धाकटं भावंड कडेवर असतंच आणि ते तिथेच झोपतं.