मुका मार: डोक्याला लागलं, रिपोर्ट नॉर्मल, मग हिशोब का चुकतो?

रक्त न येता लागलं की आमच्याकडे त्याला मुका मार म्हणतात. दोन वर्षांपूर्वी ऐन एप्रिलात काका हापूसच्या झाडावरून पडले, हातात घळ (आंबे उतरवायची जाळीची काठी) होती, मधे फांदी आडवी आली म्हणून थेट कातळावर नाही आपटले, पण पडल्यानंतरची काही मिनिटं त्यांना आजही आठवत नाहीत. रत्नागिरीला नेलं, सीटी स्कॅन झाला, नॉर्मल आला, संध्याकाळी घरी. आठवड्याने पेट्या भरायला बसले तर डझनांचा हिशोब जमेना, मधेच कोणी हाक मारली की आकडा गेला, परत पहिल्यापासून. चाळीस वर्षं तोंडी हिशोब केलेला माणूस. वाडीत लोक बोलायला लागले, रिपोर्ट क्लिअर आहे म्हणतात मग हा आळसच असणार. मला फार राग आला तेव्हा, आणि त्या रागातच वाचत बसलो, तर कळलं की हाच संशय पेशंट लोक दीडशे वर्षं सोसतायत.

सुरुवात रेल्वेपासून झाली म्हणायला हरकत नाही. १८६६ मध्ये लंडनचे सर्जन जॉन एरिक्सन यांनी रेल्वे अपघातातल्या अशा लोकांबद्दल लिहिलं ज्यांना वरून फारसं काही लागलेलं नव्हतं, पण नंतर विसरायला व्हायचं, झोप यायची नाही, कामात डोकं लागायचं नाही. एरिक्सनना वाटलं मणक्यातल्या मज्जारज्जूला धक्का बसलाय. मग नुकसानभरपाईचे दावे उभे राहिले आणि १८८३ मध्ये हर्बर्ट पेज नावाच्या सर्जननी, ते एका रेल्वे कंपनीचेच डॉक्टर होते, मांडलं की यातलं बरंचसं भीतीमुळे होतं, मनाचं आहे. खरं लागलंय की मनाचं आहे हा वाद तिथे जो सुरू झाला तो आमच्या वाडीपर्यंत आलाय.

१९२८ ला अमेरिकेत हॅरिसन मार्टलँड यांनी बॉक्सर लोकांबद्दल लिहिलं, डोक्यावर ठोसे खाऊन खाऊन पुढे चाल अडखळते, विचार मंदावतात. पण ते वर्षानुवर्षांच्या माराचं झालं. एकाच फटक्यात आत काय होतं हे समजायला डॉक्टर नाही, एक फिजिक्सवाला लागला. १९४३ मध्ये ऑक्सफर्डच्या होलबर्न यांनी डोक्याच्या आकारात जिलेटिन भरून हिशोब मांडला आणि दाखवलं की सरळ धक्क्यापेक्षा डोकं गर्रकन फिरलं तर जास्त धोका. वाटीतला खरवस डोळ्यासमोर आणा. वाटी जोरात पिळल्यासारखी फिरवलीत तर वाटीला ओरखडा नाही, पण खरवस आतल्या आत सरकतो, एक थर दुसऱ्यावर ओढला जातो. मेंदूत या ओढाताणीत सापडतात ते लांब बारीक तंतू, मेंदूच्या एका भागाला दुसऱ्याशी जोडणाऱ्या वायरीच म्हणा.

१९५६ मध्ये सबिना स्ट्रिच यांनी अशा पेशंटांचे मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले ज्यांची कवटी शाबूत होती, मोठा रक्तस्रावही नव्हता, आणि तरी आतलं वायरिंग पार गेलेलं होतं. ते सगळे गंभीर पेशंट होते. हलक्या माराची गोष्ट १९६८ ला मेंदूचे अभ्यासक ओपेनहायमर यांनी पुढे नेली, किरकोळ मार लागून नंतर दुसऱ्याच कारणाने गेलेल्या माणसांच्या मेंदूतही त्यांना तुटलेले तंतू दिसले. माझ्या मते तिथेच वाद संपायला हवा होता.

संपला नाही, कारण जिवंत माणसाचे तंतू कसे बघणार? सीटी स्कॅन १९७१ मध्ये आला, जीव वाचवायला तो लागतोच, पण तो रक्त आणि फ्रॅक्चर दाखवतो, तंतू नाही. १९७४ ला ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट यांनी शुद्ध मोजायची पट्टी दिली, पुढे तिचे ३ ते १५ गुण झाले आणि १३ ते १५ म्हणजे सौम्य असं ठरून गेलं. पट्टी चांगलीच आहे, पण ती पेशंट किती शुद्धीत आहे ते सांगते, तो पेट्यांचा हिशोब करू शकेल का ते नाही सांगत.

ते मोजलं त्याच वर्षी न्यूझीलंडमधे, ऑकलंडला, डोरोथी ग्रॉनवॉल आणि फिलिप राइटसन यांनी. त्यांची परीक्षा वाचून मी जागेवरच थांबलो. टेपवर एकेक आकडा ऐकू येतो, प्रत्येक नवीन आकडा त्याच्या आधीच्या आकड्यात मिळवून उत्तर बोलायचं, तेवढ्यात पुढचा येतो. हे तर काकांचंच! डोक्याला हलका मार लागलेले लोक यात मागे पडायचे, गणित येत नव्हतं म्हणून नाही, डोक्याचा वेगच कमी झालेला म्हणून. बहुतेकांचा वेग काही आठवड्यांत परत आला. १९७५ ला त्यांनीच दाखवलं की दुसऱ्यांदा लागलेल्यांचा वेग जास्त घसरतो आणि यायला वेळ पण जास्त लागतो.

आठवड्याने त्रास का दिसावा हे मला कळत नव्हतं, ते पोव्हलिशॉक या संशोधकांच्या १९८३ च्या कामातून कळलं. हलक्या मारात तंतू लगेच तुटतातच असं नाही. तंतूच्या आतून माल सतत वाहत असतो, तो एके ठिकाणी अडतो, मागे फुगवटा येतो आणि मग काही तासांनी तिथून तंतू तुटू शकतो. पोफळीच्या बागेत पाटात झावळ अडकली की पाणी मागे तुंबतं आणि बांध नंतर फुटतो, अगदी तसं. आणि आठवडाभर काका पडूनच होते, हिशोबाला बसल्यावरच ते बाहेर आलं.

झाडावरून न पडताही डोक्याला लागतं, माडाखाली झोपू नये असं आजी सांगायची. १९८४ मध्ये पीटर बार्स या डॉक्टरांनी पापुआ न्यू गिनीतल्या एका हॉस्पिटलच्या चार वर्षांच्या नोंदी तपासल्या, मार लागून दाखल झालेल्यांपैकी २.५ टक्के लोकांवर नारळ पडलेला होता. आपल्याकडे अशी मोजणी कोणी केली तर मला वाचायला आवडेल.

१९९४ नंतर पीटर बासर यांच्या पद्धतीने एमआरआयमधे पाणी तंतूच्या दिशेने कसं सरकतं ते मोजता यायला लागलं, म्हणजे वायरी जिवंतपणी दिसायला लागल्या. २०१४ मध्ये इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या टीमने ५३ जखमींचे असे स्कॅन काढले, त्यातले ४४ सौम्य. सुरुवातीला विचारांच्या चाचणीत हे लोक धडधाकट लोकांपेक्षा २५ टक्के मागे होते, वर्षाने गुण बरोबरीला आले, पण ज्यांचा परत स्कॅन झाला त्यांच्या मेंदूत काही ठिकाणी फरक तसाच होता. हा फरक गटात दिसतो हां, एकट्या माणसाचा स्कॅन बघून ठामपणे सांगता येत नाही, म्हणून काकांना आत खरंच लागलंय असं सांगणारा कागद मिळणार नव्हताच.

जूनपर्यंत काकांचं बरंच जमायला लागलं. गेल्या सीझनला पेट्या त्यांनीच मोजल्या, मी शेजारी बसून प्रत्येक डझनाला खडूची रेघ मारत होतो, आणि मधे कोणी हाक मारली तर उत्तर मी द्यायचं असं आमचं ठरलं होतं.