सांधा स्वच्छ असला तरी चार्ज साठतोच

उच्च दाबाच्या डीसी केबलबद्दल एक समज वर्षानुवर्षे फिरतो आहे: इन्सुलेशनच्या सांध्यात चार्ज साठला म्हणजे जोडणाऱ्याने आत धूळ किंवा हवा ठेवली. घाण आणि पोकळी घातक असतात हे खरंच, पण या समजापायी चांगल्या कारागिरांवर नाहक ठपका येतो.

केबलचं इन्सुलेशन बहुधा एक्सएलपीईचं (क्रॉस-लिंक्ड पॉलिथिलीन या प्लास्टिकचं), तर सांध्यातलं ईपीडीएम (एक कृत्रिम रबर) किंवा सिलिकॉन रबराचं. एसीमध्ये विद्युतक्षेत्र या दोघांत परमिटिव्हिटीनुसार (विद्युतक्षेत्रात पदार्थ किती ध्रुवित होतो त्यानुसार) वाटलं जातं; डीसी स्थिरावल्यावर ते वाहकतेनुसार वाटलं जातं. परमिटिव्हिटी आणि वाहकता यांचं गुणोत्तर दोन्हीकडे सारखं नसेल, तर सीमेपर्यंत जेवढा प्रवाह येतो तेवढा सुरुवातीला पलीकडे जात नाही. उरलेला चार्ज सीमेवरच साठतो. याला मॅक्सवेल-वॅग्नर ध्रुवीकरण म्हणतात. अगदी निर्मळ सांध्यातही ते घडतं.

शिवाय वाहकता तापमानाबरोबर झपाट्याने वाढते. भार आला की कंडक्टरजवळचं इन्सुलेशन तापतं आणि क्षेत्राचा जोर बाहेरच्या थरांकडे सरकतो. त्यामुळे थंड केबलवरची चाचणी पुरेशी मानणं मला धोक्याचं वाटतं.

सर्वात कठीण क्षण ध्रुवता, म्हणजे व्होल्टेजची धन-ऋण बाजू, उलटण्याचा. साठलेला चार्ज लगेच निघून जात नाही; त्याचं क्षेत्र नव्या व्होल्टेजच्या क्षेत्रात मिसळून काही ठिकाणी ताण वाढवतं. एसी-डीसी रूपांतर करणाऱ्या जुन्या पद्धतीच्या थायरिस्टर कन्व्हर्टरमध्ये वीज उलट दिशेने पाठवायला ध्रुवता बदलावी लागते. व्हीएससी (व्होल्टेज सोर्स कन्व्हर्टर) या दुसऱ्या प्रकारात फक्त प्रवाहाची दिशा बदलते, म्हणून एक्सएलपीई डीसी केबल आधी तिथेच रुळल्या.