बिंदू चौकातली सभा आणि अदबीचं शास्त्र

आपल्या कोल्हापूरच्या बिंदू चौकात सभा असली की एक गोष्ट नीट बघा. एक वक्ता माइक घेतो आणि व्यासपीठावरच्या मान्यवरांची नावंच घेत राहतो, अध्यक्ष, माजी अमके, विद्यमान तमके, तोवर खालच्या पोरांनी मोबाइल काढलेले असतात. दुसरा येतो, फुले-आंबेडकरांच्या पुतळ्यांना नमस्कार करतो आणि म्हणतो, "मागं मावशी उभ्या आहेत, त्यांना आधी खुर्च्या द्या, मग बोलतो." झालं, अख्खा चौक त्याचा! भाषण अजून सुरूपण झालेलं नसतं.

हे कसं होतं? मानसशास्त्रज्ञ सुझन फिस्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं म्हणणं असं की माणूस समोर आला की आपण आधी बघतो याच्या मनात आपल्याबद्दल बरं आहे का, हुशार किती ते नंतर. आणि हा निकाल लई पटकन लागतो. नलिनी अंबाडी आणि रॉबर्ट रोझेन्थाल यांनी १९९३ मध्ये दाखवलं की शिक्षकांचे आवाज बंद केलेले, सगळे मिळून ३० सेकंदांचे व्हिडिओ बघून अनोळखी लोकांनी जे मार्क दिले, ते टर्मच्या शेवटी विद्यार्थ्यांनी दिलेल्या मार्कांशी बऱ्यापैकी जुळले. शब्द ऐकलेच नव्हते हो कुणी, नुसतं उभं राहणं, बघणं, हसणं.

आता दोघांनीपण मानच दिला, मग पहिला का फसला? मला वाटतं मान कुणाला दिला यातच सगळं आहे. वरच्याला मान द्यायला काही लागत नाही, तो अपेक्षितच असतो. माणसं एकमेकांशी कशी बोलतात-वागतात याच्या अभ्यासक जुडी बर्गून यांच्या सिद्धांतानुसार अपेक्षेबाहेरचं वागणं आपलं लक्ष खेचतं, आणि ते चांगलं असेल तर अपेक्षित चांगल्यापेक्षा जास्त भाव खाऊन जातं.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्याच गावात आहे की. शाहू महाराजांनी त्या काळी अस्पृश्य मानल्या जाणाऱ्या समाजातल्या गंगाराम कांबळे यांना चहाचं हॉटेल काढायला मदत केली आणि नुसतं तेवढ्यावर न थांबता स्वतः तिथं जाऊन सगळ्यांसमोर चहा प्यायले, सोबतच्यांनापण प्यायला लावला. त्या काळच्या रीतीप्रमाणे हा मर्यादाभंग होता, पण एका माणसाची इभ्रत राखायला राजानं स्वतःची पणाला लावली, म्हणून शंभर वर्षांनीपण लोक ते सांगतात. मार्च १९२०मध्ये माणगावला झालेल्या अस्पृश्यांच्या परिषदेतही तेच, छत्रपती स्वतः येतात आणि २८ वर्षांच्या बाबासाहेबांना सगळ्यांसमोर पुढारी म्हणून मान देतात.

आणि ज्यांना वाटतं शिव्या घातल्या की आपली माणसं खूश होतात, त्यांच्यासाठी: जेरेमी फ्रायमर आणि लिंडा स्किटका यांनी २०१८ मध्ये अमेरिकेतल्या नेत्यांवर अभ्यास केला, तर उद्धटपणामुळं पाठिंबा घटतो असं दिसलं, अगदी ट्रम्प यांच्या स्वतःच्या समर्थकांमध्येसुद्धा. समोरचा असा बोलला की तो माणूस म्हणून कमी आपुलकीचा वाटायला लागतो.

पण याची एक बाजू मला खरंच काळजीची वाटते. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० मध्ये लिहिलं होतं की सैन्यातले अधिकारी सैनिकाला एका गुणात चांगले मार्क देत असतील तर बाकीच्या गुणांतपण देतात, ते गुण वेगळे असले तरी. सभेतपण तसंच, नेता अदबीनं बोलला की तो प्रामाणिक आहे, कामाचा आहे हे आपण आपल्या मनानंच जोडून टाकतो. म्हणून सभा संपल्यावर कट्ट्यावर "काय बोलला राव!" म्हणताना, पंचगंगेच्या प्रदूषणावर तो नक्की काय करणार म्हणाला, कधीपर्यंत आणि कुणाच्या पैशानं, हे पण एकमेकांना विचारत जावा.